जुन्या नाकवाल्या ट्रकच्या केबिनचा सडलेला पत्रा कसा बदलावा

टाटा-मर्सिडीजचे ट्रक जमशेदपूरला १९५४ पासून बनू लागले. १९६९ साली तो करार संपला आणि बोनटवरचा मर्सिडीजचा तारा गेला, पण नाकवाल्या, म्हणजे केबिनच्या पुढे बोनट असलेल्या, गाड्या त्यानंतरही बरीच वर्षं रस्त्यावर होत्या. त्या काळी बहुतेक वेळा कारखान्यातून चेसिस आणि पुढचा काउल (बोनटपासून काचेपर्यंतचा भाग) एवढंच यायचं. केबिन, दारं, हौदा (माल भरायची मागची पेटी) हे सगळं बॉडी बिल्डर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून उभं करायचा. म्हणून बीडच्या गाडीचं दार लातूरच्या गाडीला बसेलच असं नाही, आणि तयार पॅनेलही सहसा मिळत नाही. माप आपल्याच गाडीवरून घ्यायचं आणि ते दार जागेवर असतानाच घ्यायचं.

आधी ठोकून बघा

रबरी मॅट काढा आणि केबिनचा तळ हातोडीच्या टोकाने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द आवाज देतो. जिथे शंका येईल तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचा. हमखास सडणाऱ्या जागा म्हणजे दाराच्या खांबांचा बुडखा, दाराची खालची घडी, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि मॅटखालचे कोपरे. गाडीने उसाच्या किंवा खताच्या खेपा केल्या असतील तर केबिनची मागची खालची कड आणि हौद्याचे कोपरे जास्त बारकाईने पाहा. रस आणि खत दोन्ही सांध्यात साचून पत्रा आतून खातात, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

सडलेल्या भागाभोवती खडूने रेघ मारा आणि कापायची रेघ त्याच्या २५ ते ३० मिमी बाहेर, चकचकीत पत्र्यावर घ्या. गंजाच्या काठावर वेल्डिंगचा टाका घातला तर पत्रा जळून भोक मोठं होतं, आणि ते भरता भरता दिवस जातो.

कापण्याआधीची बांधाबांध

इथे घाई करणाऱ्यांची दारं नंतर कधीच नीट लागत नाहीत. गाडी सपाट फरशीवर घ्या, चेसिसखाली स्टँड द्या, बॅटरीच्या तारा सोडा, डिझेलची टाकी उतरवा. मग दाराची फट वर, मध्ये, खाली मोजून खांबावरच लिहून ठेवा. ५ ते ६ मिमीची सारखी फट चांगली समजावी. २५ × २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेऊन दोन्ही खांबांमध्ये एक आडवा आणि दाराच्या चौकटीत एक तिरपा टाकून टाके मारा. दार बंद होईल अशा बेताने पाइप आतल्या बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंचा तळ एकदम कापू नका. एक बाजू पूर्ण बसवा, मग दुसरी.

सांगाडा लाकडी असेल तर वेल्डिंगच्या जवळची फळी खोलून बाजूला ठेवा. जुनं वाळलेलं लाकूड आतून धुमसत राहतं, दुपारची ठिणगी संध्याकाळी पेटते. ओलं पोतं, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवेत. जुना रंग घासताना साध्या रुमालावर भागवू नका. त्या रंगात शिसं असू शकतं, धुळीचा चांगला मास्क लावा.

पत्रा कुठला, घडी कशी

तळाला १.२ मिमी (१८ गेज) सीआर शीट (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत पत्रा), दाराच्या बाहेरच्या पत्र्याला ०.९ ते १ मिमी (२० गेज), खांबाच्या बुडख्याला १.६ मिमी (१६ गेज). २५०० × १२५० मिमीची १.२ मिमी शीट साधारण २९ किलो भरते. तळ आणि दोन्ही पायऱ्यांना एक शीट बहुधा पुरते. जालन्यात लोखंडाची कमी नाही, पण तिथलं नाव सळ्यांचं आहे. सीआर शीट आणि बेंडिंग (मशीनवर पत्रा वाकवणं) दोन्ही एकाच फेरीत उरकायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूला चौकशी करावी. गॅल्वनाइज्ड पत्रा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडीताप येतो आणि टाकाही सच्छिद्र पडतो.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीवर बसवून बघा, मगच पत्र्याला हात लावा. घडीचा हिशेब इथेच चुकतो: १.२ मिमी पत्र्याला प्रत्येक काटकोनी घडीमागे सुमारे २ मिमी वजा करावे लागतात. बाहेरून मोजून ४० + ३०० + ४० मिमीचा चॅनेल हवा असेल तर पट्टी ३८० नव्हे, ३७६ मिमीची कापा. बेंडिंगवाल्याचा डाय (वाकवायचा साचा) वेगळा असेल तर हा आकडा थोडा हलतो, म्हणून आधी एक तुकडा वाकवून मोजा. तळ सपाट ठेवला तर पायाखाली ‘टण टण’ वाजतो. खालून २५ मिमी उंचीच्या दोन घडीव पट्ट्या द्या.

टाके

सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारं), ०.८ मिमी तार, १.२ मिमी पत्र्याला साधारण ६० ते ८० अँपिअर. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर मशीन जमवून घ्या. आर्कच्या जाड रॉडने हा पत्रा फाटतो. दोन कडांमध्ये सुमारे १ मिमी फट ठेवा. पहिला टाका मध्ये, दुसरा एका टोकाला, तिसरा दुसऱ्या टोकाला, असं उड्या मारत २५ ते ३० मिमीवर टाके घाला. हात ठेवता येईल इतकं गार झाल्यावरच पुढचा टाका. एकसंध रेघ ओढली की पत्रा आकसून खोलगट होतो, आणि तो खड्डा पुढे लांबीने (पुट्टीने) भरावा लागतो. दर पाच-सहा टाक्यांनंतर दार लावून फट मोजा, कारण खांब ओढला जात असेल तर तो याच टप्प्यावर कळतो.

मे महिन्यात शेडमध्ये कूलर किंवा पंखा जॉबवर सोडलेला असतो. त्या वाऱ्याने टाक्याभोवतीचा गॅस उडतो आणि टाक्यात जाळी पडते. वेल्डर मशीनला दोष देतो, कारण मात्र पंखा.

खांबाच्या बुडख्याला कडेला कड न लावता १५ मिमी चढवून जोडा. वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं ४० मिमी अंतरावर पाडून त्यातून टाके भरा. चढवलेल्या भागात आधी झिंक प्रायमर मारा, फक्त भोकाखालची जागा कोरी ठेवा. टाके घासायला ८० नंबरचं फ्लॅप व्हील (ग्राइंडरला लावायची पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) घ्या. पत्रा निळा पडू लागला की हात उचला. घासल्यावर टाक्याच्या रेघेखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हलक्या हाताने ठोका. आकसलेला पत्रा थोडा ताणून सरळ येतो.

लांबी आणि रंग

उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावा, धुवा, पूर्ण वाळवा. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग सांध्यांत सीलंट, मग लांबी. लांबी कुठेही ३ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. जास्त लागत असेल तर डेंटिंगचं काम बाकी आहे. लांबी घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे किलोला २० ग्रॅम. उन्हाळ्यात दुपारी चाळिशीच्या पुढे पारा असताना लांबी पाटीवरच घट्ट होते, तेव्हा सकाळी लवकर आणि थोडी थोडी कालवा. हार्डनर जास्त घातला तर रंगावर डाग उमटतात. ८० आणि १८० नंबरने कोरडी घासा; लांबीवर थेट पाणी घातलं तर ती ते शोषते आणि महिन्याभरात फोड येतात. त्यावर सरफेसर (रंगाआधीचा भरणीचा प्रायमर) मारा, तो बसल्यावर ३२०, मग ६०० नंबरने पाणी लावून घासा.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा आणि रंगाच्या गनआधी पाण्याचा सापळा लावा. टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन) रंगाचा धूर घातक असतो, साधा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर गाडी रंगाच्या बूथमध्ये नेऊन द्या.

रंग झाल्यावर खांबांच्या आत आणि दाराच्या घडीत मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारा. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं रंगाने बुजलेली असतात, ती खिळ्याने मोकळी करा. मॅट चिकटवू नका, नुसती अंथरा.

सगळ्या कामात चेसिस नंबरच्या जागेला ग्राइंडर लावू नका आणि शेजारी टाकाही घालू नका. रंग बदलला तर आरटीओत नोंद करून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी दुचाकी आणि वैयक्तिक चारचाकीसाठी आहे, ट्रक तिच्यात येत नाही. त्यामुळे गाडी रस्त्यावर आणायची तर फिटनेस प्रमाणपत्राची नेहमीची वाट धरावी लागते.