जुन्या कॅमेऱ्याची रबर ग्रिप साफ करताना या चुका टाळा

खूप दिवसांनी कपाटातून काढलेल्या कॅमेऱ्याची ग्रिप हाताला चिकटते. कधी तिच्यावर पांढरी पूड दिसते, कधी कड फुगून सुटलेली असते, कधी रबर कडक होऊन भेगा पडलेल्या असतात. हे चार वेगवेगळे बिघाड आहेत, पण इलाज मात्र सगळ्यांवर एकच होतो: कापूस स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि घासत सुटायचं. ग्रिपचं निम्मं नुकसान वयामुळे होत असेल, तर उरलेलं या घासण्यामुळे होतं.

चिकटपणा म्हणजे मळ, हा समज

आधी नखाने कड शोधा. खऱ्या रबराची ग्रिप हा जाडसर, वेगळा चिकटवलेला तुकडा असतो आणि त्याची कड नखाला लागते. कड कुठेच सापडत नसेल आणि प्लॅस्टिकचा भागच चिकट लागत असेल, तर ते रबर नाही. १९९०च्या दशकातल्या आणि नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिक मऊ लागावं म्हणून पातळ लेप दिलेला असतो, बहुधा पॉलियुरेथेनचा. निकॉन एफ१०० आणि एफ८० यांची मागची झाकणं यासाठी चांगलीच बदनाम आहेत.

हवेतल्या ओलाव्यामुळे या लेपातल्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. काही प्रकारच्या लेपांत त्यातून आम्ल तयार होतं आणि ते पुढची तुटातूट आणखी वाढवतं. म्हणजे तुमच्या बोटांना लागतो तो बाहेरून बसलेला थर नसून विरघळत चाललेला लेपच असतो. साबणाने कितीही धुतलात तरी चार दिवसांनी पुन्हा चिकटणार. टाल्कम पावडर चोळणं तर त्याहून वाईट. चिकटपणा तात्पुरता लपतो आणि पावडर डायलच्या फटींत जाऊन बसते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने लेप निघतो हे खरं, पण ते बारीक कण बटणांखाली गेले की काढताना नाकी नऊ येतात.

इथे लेप वाचवायचा विचार सोडून द्यावा आणि तो पूर्ण काढावा. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावा, कॅमेऱ्यावर कधीही थेट ओतू नका. आधी आडबाजूच्या कोपऱ्यात करून बघा आणि मग थोडा थोडा भाग घ्या. कापड काळं झालं की घडी बदला, नाहीतर निघालेला चिकटा पुढच्या जागेवर पसरतो. खाली गुळगुळीत, थोडं चकाकणारं प्लॅस्टिक उरेल. दिसायला ते तितकंसं देखणं नसतं, पण कॅमेरा निदान हातात धरवतो. लेपावर छापलेली अक्षरं असतील तर तिथून लांब राहा. लेपाबरोबर तीही जातील.

ग्रिप खऱ्या रबराची असेल आणि तरीही चिकट लागत असेल, तर बहुतेक वेळा घाम, त्वचेचं तेल आणि सनस्क्रीन मुरलेलं असतं. त्यासाठी सौम्य साबणाचं पाणी आणि घट्ट पिळलेलं कापड पुरतं. बॅटरी आधी काढा, लेन्स किंवा बॉडी कॅप (लेन्सच्या जागी बसणारं झाकण) लावलेली असू द्या.

पांढरी पूड दिसली की बुरशी ठरवणं

बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, जवळून बघितलं तर तंतू दिसतात, कुबट वासही येतो. पांढरट झाक सगळीकडे सारखी पसरलेली असेल, ओल्या कापडाने पुसल्यावर नाहीशी होऊन वाळल्यावर परत उगवत असेल, तर ती बहुधा रबरातूनच बाहेर आलेली असते. रबर लवकर फाटू नये म्हणून त्यात मेण आणि इतर रसायनं मिसळलेली असतात. ती कालांतराने पृष्ठभागावर येतात.

कधीकधी ही रसायनं साधी नसतात. जुलै २०१२मध्ये कॅननने ईओएस ६५०डीच्या काही कॅमेऱ्यांबद्दल सूचना काढली होती. रबर तयार करताना वापरलेल्या रसायनामुळे ग्रिप थोड्याच काळात पांढरी पडत होती आणि त्यातून तयार होणाऱ्या पदार्थाने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हात धुवायला सांगितलं होतं. जुन्या कॅमेऱ्याची पूड झाडल्यावरही हात धुतलेले बरे.

मऊ टूथब्रश, साबणाचा एक थेंब आणि लगेच कोरडं कापड, एवढंच करा. काही महिन्यांनी पूड परत येईल. दर वेळी अल्कोहोलने पुसायची सवय लावू नका, त्याने रबर कोरडं पडत जातं.

तेल पाजून रबर मऊ करणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण पहिले दोन दिवस ती यशस्वी झाल्यासारखी वाटते. व्हॅसलीन, डब्ल्यूडी-४०, मशीनचं तेल काहीही चोळलं की काळा रंग खुलतो. पण नैसर्गिक रबर आणि त्याच्यासारखी काही रबरं खनिज तेल शोषून फुगतात. फुगलेली ग्रिप आपल्या खाचेपेक्षा मोठी होते आणि पावसाळ्यातल्या दारासारखी बसेनाशी होते. मग कडा उचलल्या जातात. मच्छर पळवणाऱ्या मलमांतलं डीट तर काही प्लॅस्टिकही विरघळवतं. ते हाताला लावून कॅमेरा धरू नका.

डॅशबोर्ड चमकवणारं सिलिकॉन पॉलिश रबराला फारसं इजा करत नाही, पण ग्रिप निसरडी होते, आणि निसरडी ग्रिप काय कामाची? शिवाय सिलिकॉन पसरत जातं. उद्या ग्रिप पुन्हा चिकटवायची वेळ आली तर टेप धरत नाही. छपाईयंत्रांचे रोलर मऊ करायला वापरतात ती झायलिन आणि मिथाइल सॅलिसिलेटची मिश्रणंही इथे नकोत. आजूबाजूचं प्लॅस्टिक ती बिघडवू शकतात. कडक होऊन भेगाळलेलं रबर पूर्ववत होत नाही. ग्रिप बदलणं किंवा आहे तशी वापरणं हेच दोन मार्ग उरतात.

नेलपेंट रिमूवर आणि थिनर

नको. ॲसिटोन एबीएस प्लॅस्टिक क्षणात विरघळवतं, आणि धातूसारखं दिसणारं सगळं धातूचं नसतं. १९७६च्या कॅनन एई-१चं वरचं चकचकीत झाकण एबीएसचंच आहे, वर धातूचा मुलामा दिलेला.

सुटलेली कड सुपर ग्लूने दाबणं

सुपर ग्लूच्या वाफा लेन्सवर आणि व्ह्यूफाइंडरवर पांढरा थर धरतात. वाळलेला ग्लू ठिसूळ असतो, रबर वाकलं की सुटतो. आणि ग्रिपखाली बरेचदा बॉडीचे स्क्रू असतात. पक्कं चिकटवलंत तर पुढच्या दुरुस्तीत ग्रिप फाडावी लागेल. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट काढून पातळ दुहेरी टेप ग्रिपच्या आकारात कापून लावा. रबर ताणलं गेलं असेल तर जास्तीचा भाग लगेच कापू नका. एक-दोन दिवस सपाट ठेवून किती आक्रसतं ते बघा.

जुन्या लायका कॅमेऱ्यांवरचं काळं आवरण वेगळं प्रकरण आहे. ते व्हल्कनाइट, म्हणजे कडक रबर. जुनं झालं की टिचतं. टवका उडालेल्या जागेभोवती ब्रश चालवू नका, शेजारचाही उडेल. गरम पाणीही लावू नका, त्याने रंग विटतो.

साफ केलेला कॅमेरा परत चामडी केसमध्ये कोंबू नका, चामडं ओल धरून ठेवतं. हवा खेळेल अशा जागी, उन्हापासून आणि लेझर प्रिंटरपासून लांब ठेवा. काही प्रिंटरांतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते ओलं झालं की बदला. पीव्हीसीची पिशवी किंवा पट्टा ग्रिपला टेकलेला राहणार नाही एवढं बघा, त्यातलं मऊपणा आणणारं रसायन रबरात उतरतं.