पोर्तुगीज नागरिकत्व: स्पेलिंगवर अडलेली फाईल अशी सुटली

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. बाबा म्हापशाचे, जन्म १९५२ चा. पण फाईल अडली ती आडनावावर. जन्मनोंदीत 'नाईक'च्या शेवटी पोर्तुगीज वळणाचं 'क्यूयूई' (que), शाळेच्या दाखल्यात आणि पासपोर्टात नुसतं 'के' (k). एजंट म्हणाला, प्रतिज्ञापत्रावर भागेल. नाही भागलं.

मग छापील दाखल्याऐवजी मूळ नोंदवहीतल्या पानाची संपूर्ण नक्कल मागितली. त्यात आजी-आजोबांची नावं, गाव, सगळं होतं, आणि मजकूर पोर्तुगीजच असल्यानं भाषांतराचा खर्चही वाचला! आईबाबांच्या लग्ननोंदीतही तेच जुनं स्पेलिंग निघालं. गोव्यातल्या नागरी विवाहनोंदीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दोन्ही साक्षांकित करून जोडल्या, तेव्हा गाडी हलली. क्रम मात्र पाळा: लिस्बनला आधी वडिलांचा जन्म नोंदवायचा, मग त्यांचं लग्न, मग आपला जन्म.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांसाठीचं कार्ड) घेता येतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या घरात कागदांपेक्षा यावरच जास्त भांडण झालं.