सिंधुदुर्गात धंदा टाकायचाय? आधी एक पावसाळा इथे काढा

दर मे महिन्यात कोणीतरी भेटतोच. तारकर्लीत चार दिवस राहिलेला असतो, सुरमई खाऊन खूश असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "इथे गुंठ्याचा रेट काय चाललाय हो?" मी सांगतो, जागा नंतर बघा, आधी जुलैमध्ये या. बहुतेक जण येत नाहीत. जे येतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जिल्ह्याकडे काय आहे ते बघू. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, आठ तालुके, १९९७ पासून पर्यटन जिल्हा. कोकण रेल्वे कणकवली, कुडाळ, सावंतवाडीवरून जाते, आणि मुंबई-गोवा हायवेचा आपल्याकडचा पट्टा चौपदरी झालाय, रडगाणं आहे ते वरच्या बाजूला. चिपीचं विमानतळ २०२१ ला सुरू झालं पण त्याच्या भरवशावर बिझनेस प्लॅन करू नका, विमानं कधी असतात कधी नसतात. खरा फायदा झालाय तो गोव्यातल्या मोपा विमानतळाचा. २०२३ च्या जानेवारीपासून तिथे विमानं उतरायला लागली आणि सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला या बाजूच्या होमस्टेवाल्यांना गोव्याचं गिऱ्हाईक मिळायला लागलं. म्हणजे आपलं मार्केट तीन ठिकाणी आहे, नवी मुंबईतलं वाशी मार्केट, गोवा आणि दारात येणारा पर्यटक. यातलं नेमकं कोणासाठी करणार हे पहिल्याच दिवशी ठरवा.

आता माल. हापूसबद्दल सगळ्यांना माहितीये, पण नवख्याने आंब्यात एकदम उडी मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोहोर, थ्रिप्स म्हणजे फुलकिडे, अवकाळी, राखण, पेट्या, दलाल, एवढं सगळं आणि हातात जेमतेम तीन महिने. त्यापेक्षा काजू बरा, कारण वाळवलेली बी टिकते आणि युनिट वर्षभर चालवता येतं. ढोबळ हिशोब असा की चार किलो बीतून किलोभर गर निघतो, त्यामुळे बीच्या भावात किलोमागे दहा रुपये इकडेतिकडे झाले की गरामागे चाळीस रुपये हलतात, हे डोक्यात पक्कं बसवा. ग्रेड शिकून घ्या, डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर, डब्ल्यू ३२० म्हणजे आणखी बारीक. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. तुकडा आणि पाकळी म्हणजे दुभंगलेला गर, यांच्यासाठी मिठाईवाले आधीच बघून ठेवा, नाहीतर अख्खा गर विकून तुकड्याची पोती घरात पडून राहतात. बीसाठी सगळीकडे वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात अशी नावं ऐकाल, या जाती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या. तिथे जाऊन प्रश्न विचारा, माणसं बोलतात.

माझा पहिला सीझन याच बीने खाल्ला. एप्रिलमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून उचलली, नीट वाळलेली नव्हती, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोत्यांतून वास यायला लागला. आता मी मूठभर बी हातात खुळखुळवून बघतो, सुकी असेल तर खणखण वाजते, ओली गप्प बसते. गोडाऊनमध्ये पोती जमिनीवर कधीच नाही, खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर लांब.

कोकमाला पण वाव आहे, आमसूल, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सरबत, पण रतांबे म्हणजे कोकमाची फळं पिकतात मेमध्ये आणि पाऊस डोक्यावर उभा असतो, वाळवणासाठी ड्रायर नसेल तर भांडवल पाण्यात. ज्यांना शेतमालाच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी बांबू बघा, कुडाळला कोनबॅक ही बांबूचं काम करणारी संस्था आहे, फर्निचर आणि बांधकामाचं काम चालतं. सावंतवाडीची लाकडी खेळणी पण आहेतच, मात्र ती हातची कला आहे, सहा महिन्यांत जमणार नाही.

जागेचं. शेतकरी दाखला नसेल तर शेतजमीन नावावर होत नाही, एजंट काहीही सांगू दे. दाखला असला तरी सातबारा उघडला की वीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, दोन वारलेली, एक रुसलेला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय टोकन देऊ नका. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आधी तपासा. मी तर म्हणतो पहिली दोन वर्षं भाड्याची शेड घ्या किंवा कुडाळ एमआयडीसीत चौकशी करा.

पैशासाठी ओरोसला जिल्हा उद्योग केंद्र आहे. सीएमईजीपीत, म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात कॅटेगरीप्रमाणे २५ ते ३५ टक्के सबसिडी असते, फूड प्रोसेसिंगला पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. योजना आत्ता चालू आहे का ते विचारूनच फाइल टाका. आणि सबसिडी नंतर येते, बँकेचा हप्ता आधी सुरू होतो, त्यामुळे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असू देत.

माणसं मिळणं हा सगळ्यात अवघड भाग. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार झाली, म्हणजे घटली. तरणी पोरं मुंबईला, दोडामार्ग सावंतवाडीची बाइकवरून रोज गोव्यात कामाला. आंब्याच्या बागांत नेपाळी राखणे दिसतात ते काय उगाच नाही. काजू फोडायला, सोलायला गावातल्या बायका येतात, हात भारी चालतो, पण भातलावणीच्या दिवसांत येणार नाहीत, तेव्हा रागावून उपयोग नाही. ती सुट्टी आधीच धरून चाला.

होमस्टे करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाची निवास न्याहारी योजना बघावी. पावसाळ्यात स्कूबा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताटात ताजा मासा पण क्वचितच. त्या दिवसांत आंबोलीचा धबधबा बघायला येणारा माणूस तुमच्या खोलीत कसा थांबेल ते शोधा, नाहीतर त्या महिन्यांची उधारी दिवाळीपर्यंत फेडत बसाल. लाइट जाते, इन्व्हर्टर घ्याच.

आणि चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस कुठलंही बांधकाम, वायरिंग, सुतारकाम काढू नका. चाकरमानी आले की सुतार, वायरमन, गवंडी सगळे आपापल्या गणपतीत, फोन केला तर उत्तर एकच, "गणपती जावंदेत, मगे बगूया."