गावी परतण्याची गोष्ट लिहिताना: आधी सालं, मग गुपित

जुनं प्रेम आणि घरातलं दडवलेलं काहीतरी, अशा कादंबरीला हात घातला की पहिला मोह होतो तो स्टेशनवर उतरण्याचा प्रसंग रंगवायचा. तो आवरा. आधी कागदावर सालं मांडा: प्रत्येकाचा जन्म, गाव सोडलं ते वर्ष, प्रेम तुटलं ते वर्ष, गुपित घडलं ते वर्ष. समजा, नायिका १९८४ची, तिनं १९व्या वर्षी गाव सोडलं आणि ती २०१९मध्ये परतली. मध्ये १६ वर्षं गेली. आता जुन्या प्रियकराची मुलगी १७ वर्षांची दाखवलीत, तर ती नायिका गावात असतानाच जन्मली, असा हिशोब निघतो. तेच गुपित असेल तर झकास. नसेल तर वाचक नको तिथं संशय घेत बसेल.

मग गुपिताचा तक्ता करा. रकाने चार: कोणाला माहीत, कधीपासून, कोणाकडून कळलं, गप्प का. चौथ्यात घाम फुटतो. सगळ्यांसमोर 'घराची अब्रू' लिहून सुटू नका. बोलल्यावर एकाचं घर जाईल, दुसऱ्याचा संसार मोडेल, तिसऱ्याला फक्त भित्रा ठरायची धास्ती असेल. माहीतगार पाच-सहांच्या वर गेले, तर छोट्या गावात ते गुपित उरत नाही. नायिकेखेरीज सगळ्यांना माहीत आहे, अशी ती गोष्ट होते, आणि बरेचदा ती जास्त चांगली निघते.

परतण्याचं कारण मुदतीचं हवं. मृत्यूनं माणसं गोळा होतात, पण सगळ्यात जास्त माहिती असलेलाच गेलेला असतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण उपयोगी पडतो: सकाळचं आठवत नाही, पण जुन्या आठवणी बरेचदा जास्त काळ टिकतात, त्यामुळे भलतंच बोलून जातो. माझी पसंती घर विकण्याला. कपाट न् कपाट उघडावं लागतं, आणि एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या वारसांना सह्यांसाठी एका खोलीत बसावं लागतं.

पुराव्यात हमखास चुका होतात. बॉलपेन बाजारात सर्रास आलं ते १९४५नंतर. १९३०चं पत्र त्यानं लिहिलेलं नको. थर्मल कागदावरची पावती काही वर्षांत फिकी पडते, म्हणून २० वर्षांनी ती स्वच्छ वाचता येणं खटकतं. डीएनए चाचणीत सख्ख्या भावंडांचा सुमारे ५० टक्के वाटा जुळतो, सावत्र भावंडांचा (आई किंवा बाप एकच) सुमारे २५. पण सख्खी मावशी किंवा आत्या यांचाही २५च्या आसपासच जुळतो. म्हणजे नुसत्या आकड्यावरून नातं ठरत नाही, कोणाला तरी जाऊन विचारावंच लागतं. तो प्रसंग सोडू नका.

प्रियकराची पहिली भेट ८०,००० शब्दांच्या कादंबरीत साधारण १२,००० शब्दांच्या आत व्हावी. ठरवून नको, आणि तिसरं माणूस समोर हवं, म्हणजे दोघांना बोलता येणार नाही. तो इतकी वर्षं वाट पाहत एकटा बसला होता, हे फारसं कोणी मानत नाही. त्याला धंदा, कर्ज, एखादं मोडलेलं लग्न द्या. खरी भगदाड पुढं आहे: दोघांनी एकदा फोन का केला नाही? एका संभाषणात मिटेल अशा गैरसमजावर कादंबरी पेलत नाही. तो गैरसमज कोणीतरी मुद्दाम जपला असेल, पत्रं दाबली असतील, खोटा निरोप दिला असेल, तरच पेलतो. आणि हा दाबणारा तुमच्या तक्त्यातलाच असू द्या. दोन्ही धागे तिथंच गाठले जातात. तसं होत नसेल तर हातात दोन वेगळ्या गोष्टी आहेत; एक काढून टाका.

उलगडा तीन हप्त्यांत करा: अर्धं खरं, मग चुकीचा निष्कर्ष, मग पूर्ण. पूर्ण भांडं ६०,००० शब्दांच्या आसपास फुटावं, कारण त्यानंतरचे २०,००० शब्द परिणामांना लागतात. एखाद्या म्हाताऱ्या आत्यानं सहा पानं सलग सगळं सांगून टाकणं हा आळस. तिला मध्येच उठवा, दार वाजवा, एक तपशील चुकीचा सांगू द्या. घराच्या कागदावरची शेवटची सही मात्र उलगड्यानंतरच ठेवा. नायिका ती करते की नाही, यावर शेवटचं प्रकरण उभं राहतं.