सायकलवर नाशिक: गंगेच्या काठाकाठानं कसं फिरायचं

नाशिकला आलेला माणूस बहुतेक वेळा पंचवटीत रिक्षा करतो, मग काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर, तपोवन असं ठरलेलं पॅकेज, दोन तासांत दर्शन आटोपलं आणि परत. नदी, म्हणजे गोदावरी, नाशिककरांची गंगा, राहते बाजूलाच. सायकल असेल तर उलटं करा, नदी धरून चला, देवळं वाटेत येतातच. पंचवटीतल्या रामकुंडाच्या घाटावरून निघून सोमेश्वरचा धबधबा, परत घाटावर आणि मग तपोवन, असा सगळा मिळून पंचवीस-एक किलोमीटरचा फेरा होतो. रोज सायकल न चालवणाऱ्यालाही जमेल, फक्त घाई नको.

१. निघायची वेळ

पहाटे सहाच्या आत रामकुंडावर पोचा. हे शहाणपण शिकवायला सांगत नाही, नऊनंतर रविवार कारंजा ते अशोक स्तंभ या पट्ट्यात सायकलवाल्याला कुणी विचारत नाही म्हणून सांगतोय. बुधवार शक्यतो टाळा, त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार असतो, म्हणजे बाजार बघायचा असेल तर बुधवारीच या, पण मग सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं आहेत, त्यामुळे घाटाच्या आसपास एखादा रस्ता खोदलेला निघू शकतो, अशा वेळी मॅपपेक्षा चहावाल्याला विचारलेलं बरं.

नाशिकरोड स्टेशनवर उतरणार असाल तर तिथून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर आहे आणि रस्ता ट्रॅफिकचा, हे धरून चाला.

२. सायकल कोणती आणि सोबत काय

साधी गिअरची हायब्रीड बेस्ट. बारीक टायरची रोडबाईक गंगापूर रोडला पळते मस्त, पण घाटाच्या दगडी फरशीवर पाणी, तेल, निर्माल्य सगळं असतं आणि तिथे ती हमखास घसरते. सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायचं बारीक तोंड, असेल तर अडॅप्टर खिशात ठेवाच, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडचं नोझल त्याला बसत नाही आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसता. एक जाडसर चेनलॉक, पाणी, सुट्टे पैसे. हेल्मेट घाला, उगाच वाद नको.

तसं हे गाव सायकलवाल्यांचं आहे बरं का. २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही महाभयंकर शर्यत टीम म्हणून पूर्ण करणारे पहिले भारतीय, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ, इथलेच. रविवारी सकाळी गंगापूर रोडला सायकलींचे ग्रुपच्या ग्रुप दिसतात, त्यांच्या मागे लागलात तरी रस्ता सापडेल.

३. आधी वर जा, मग खाली या

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गोदावरी शहरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, म्हणजे गंगापूरची बाजू वरची आणि तपोवनाची खालची, चढ जाणवण्याइतका नाही पण पाय दमले की बरोबर जाणवतो. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तो जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. म्हणून ताजे असताना सोमेश्वर उरकून घ्या.

रामकुंडावरून पूल ओलांडून रविवार कारंजा, अशोक स्तंभ, गंगापूर नाका, जेहान सर्कल, मग आनंदवल्ली. इथे उजवीकडे नदीकडे उतरलात की नवश्या गणपती. काठावरच देऊळ आहे, गर्दी नसते सकाळी, पाच मिनिटं बसा. आनंदवल्लीचं नातं थेट राघोबादादा आणि आनंदीबाईंशी. पुढे सोमेश्वर, धबधब्याला पावसाळ्यात पाणी असतं, एप्रिलमध्ये जाऊन नुसते खडक बघून नाराज होऊ नका. दम असेल तर गंगापूर धरणापर्यंत अजून पुढे जाता येतं, पण मग तपोवन दुसऱ्या दिवशी.

परतताना मिसळ. गंगापूर रोडच्या बाजूला झाडाखाली बाकडी टाकलेली ठिकाणं भरपूर आहेत, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही. जाताना खाल्लीत तर सोमेश्वरपर्यंत रस्साच आठवत राहील, म्हणून येताना.

४. पूल बदलून परत या

आल्या रस्त्यानं परत जाऊ नका. जुन्या गंगापूर नाक्याहून चोपडा लॉन्सचा पूल ओलांडा, हनुमानवाडी, रामवाडी करत पंचवटीच्या बाजूनं घाटावर उतरा. या बाजूला ट्रॅफिक कमी आणि नदी जवळ.

५. घाटावर सायकलवरून उतरा

इथे सायकल चालवायचा हट्ट करू नका. एखाद्या टपरीवर चहा घ्या आणि तिथेच विचारून सायकल लॉक करा, चहा घेतला की माणूस लक्ष ठेवतो.

सगळ्यात आधी दुतोंड्या मारुती बघा. नदीच्या पात्रातच उभा आहे, दोन बाजूंना दोन तोंडं. वरून गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक पूर याच्यावरून मोजतं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, मारुती बुडाला. पाणी गळ्याशी आलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. उन्हाळ्यात त्याच्या पायाशी उभं राहून मान वर करून बघा आणि मग मागे वळून त्या दुकानांकडे बघा, पूर म्हणजे काय ते कुठल्याही आकड्याशिवाय कळतं.

जवळच नारोशंकराचं देऊळ, त्याच्या दर्शनी बाजूची मोठी घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. कपालेश्वराच्या समोर नंदी नाही, तो का नाही याची गोष्ट कुणीही सांगेल. वर काळाराम, तिथे जाऊन फक्त काळा दगड बघून येऊ नका, २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला तो याच दारात.

मग सायकल घेऊन पूल ओलांडून जुन्या नाशकात. दहीपूल, तिवंधा, सरकारवाडा. गल्ल्या चढाच्या आहेत आणि उतरताना समोरून स्कूटी येतेच, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवा. रंगपंचमीला आलात तर तिवंध्याची रहाड, म्हणजे पेशवाईपासूनचा रंगाचा हौद, तो उघडलेला असतो, पण त्या दिवशी सायकल घरीच ठेवा, कपडेही जुने.

६. तपोवन, आणि पाऊस असेल तर

घाटावरून तपोवन तीन-चार किलोमीटर, कपिला आणि गोदावरीचा संगम. खरं सांगायचं तर इथे नदीला वास येतो, फेसही दिसतो कधीकधी, पोस्टरवरची गोदावरी इथे नाही. तरी जा, सकाळी सोमेश्वरला बघितलेलं पाणी शहर ओलांडल्यावर कसं होतं ते दिसतं. परत येताना हायवेवर चढू नका, मॅप तिकडून दाखवेल तरी आल्या रस्त्यानंच या.

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी धरणातून विसर्ग किती चालू आहे त्याची बातमी बघा. विसर्ग सोडला असेल तर घाटाच्या पायऱ्या आणि छोटे पूल सोडून द्या, पाणी ओसरलेलं दिसलं तरी, कारण मागे राहिलेला गाळ बर्फासारखा निसटता असतो. अशा दिवशी होळकर पुलावरून पूर बघा, सायकल कठड्याला टेकवून, आणि मिसळ खाऊन घरी जा.