घराजवळच्या अंगणवाडीला सोसायटीने हातभार कसा लावावा

कोथरूड असो, वारजे, बिबवेवाडी किंवा येरवडा, पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एखादी वस्ती असते आणि तिथे अंगणवाडी असते. कधी भाड्याच्या एका खोलीत, कधी समाजमंदिरात. लहान मुलांसाठी काही करावं असं वाटणारी माणसं बहुधा नवा उपक्रम काढायला निघतात. माझं ठाम मत आहे की, आधीपासून चाललेल्या या खोलीमागे उभं राहावं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून सहा वर्षांखालच्या मुलांचा आहार, वाढीची नोंद, लसीकरण आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचं शिक्षण ही कामं अंगणवाडीशी जोडलेली आहेत. बाहेरच्यांना त्यातली फक्त खिचडी माहीत असते.

आधी भेटा, रिकाम्या हाताने

अंगणवाडी कुठे आहे हे तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना विचारा, त्या नेमकी गल्ली सांगतील. पहिल्या भेटीला खाऊ, खेळणी, कॅमेरा काही नेऊ नका. सेविका ताईंना मुलं सांभाळतानाच वजन-उंची घ्यायची असते, फोनवर पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये नोंदी भरायच्या असतात, गृहभेटी करायच्या असतात. त्यांची सवड विचारून जा आणि एकच प्रश्न करा: ‘ताई, इथे सगळ्यात जास्त अडचण कशाची होते?’ उत्तर बरेचदा साधं असतं. पंखा बंद आहे, पावसात दारातून पाणी येतं, सतरंजी विरली आहे, मुलांच्या हाताला येईल असं फडताळ नाही. तेवढंच करा, पण नीट करा. नियमित यायचं असेल तर मुख्य सेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका) आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांना पत्र देऊन परवानगी घ्या. तुम्ही गेल्यावर ताईंना कुणाला उत्तर द्यावं लागू नये.

आठवड्यातून एक तास, पण ठरलेला

दोघा-तिघांचा गट करा आणि एकच वार पक्का धरा. लहान मूल येणाऱ्या माणसाची वाट पाहतं, म्हणून अधूनमधून उगवणाऱ्या दहा जणांपेक्षा न चुकणारे दोघे बरे. कुणीही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, ताई किंवा मदतनीस समोर असल्या पाहिजेत.

तासाभरात काय करायचं? एक गोष्ट हावभाव करून सांगा आणि पुढच्या आठवड्यात तीच पुन्हा सांगा, मुलांना ती पुन्हाच हवी असते. बडबडगीतं म्हणा. पानं, झाकणं, चिंध्या यांची वर्गवारी करू द्या: लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला परिसरातल्या अशाच वस्तूंमधून बालशिक्षण उभं केलं. महागड्या साहित्यावाचून अडत नाही. तीन वर्षांखालची भावंडं आसपास असतील तर मणी, चिंचोके, चवळीचे दाणे दूर ठेवा. नाकात नाहीतर घशात जातात.

पाटीवर अ-आ-इ गिरवायला लावू नका. पालक आग्रह करतील, कारण शेजारच्या इंग्रजी नर्सरीत वह्या भरत असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. माती मळणारी, कागद फाडणारी बोटंच पुढे पेन्सिल नीट धरतात. घरी कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणारी मुलंही असतील. त्यांच्या आईला बोलावून तिचं एखादं गाणं सगळ्यांना शिकवायला सांगा. ते मूल त्या दिवशी वेगळंच बसतं.

आईचं घड्याळ

सोसायटीच्या हातात सगळ्यात जास्त जर काही असेल तर ते हे आहे, आणि याचा विचार फारसा होत नाही. सकाळी लवकर निघून पाच-सहा घरची धुणीभांडी करणारी आई अंगणवाडी भरते तेव्हा तुमच्या ओट्यापाशी उभी असते. मग धाकट्याला सोडायला मोठी बहीण थांबते आणि तिची शाळा बुडते, किंवा धाकटा घरीच राहतो.

एका घराने सूट देऊन भागत नाही, कारण पुढच्या घरी तिला उशीर होतो. म्हणून ती जिथे जिथे काम करते त्या सगळ्या घरांनी एकदा एकत्र बसावं, आणि त्या बैठकीत कामाच्या ताई स्वतः असाव्यात. त्यांना विचारून सगळ्यांच्या वेळा कागदावर मांडा. मुलाला सोडण्यापुरता अर्धा तास मोकळा काढा आणि प्रत्येकाने आपलं काम थोडं पुढे-मागे घ्या. पगार कापायचा नाही. लसीकरणाच्या दिवशी आणि मूल आजारी असताना भरपगारी सुट्टी हे त्याच बैठकीत ठरवून टाका, म्हणजे दर वेळी तिला हात जोडावे लागणार नाहीत.

शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथल्या मुलांचीही चौकशी करा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे पन्नासहून जास्त महिला कामगार असलेल्या साइटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय करावी लागत असे; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, म्हणून आजचा नियम काय आहे ते विचारून घ्या. सोसायटीच्या लेटरहेडवर विचारणा गेली की तिची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते.

पालकांशी बोलताना

बैठक संध्याकाळी आणि थोडक्यात ठेवा, वडिलांना नाव घेऊन बोलवा. उपदेश नको. मूल जेवत नाही, मोबाइल सोडत नाही, याबद्दल त्यांना आधी बोलू द्या. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि त्याआधी शक्यतो नाहीच. पण दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाक करताना मुलाला कुठे गुंतवायचं, याचं उत्तर त्याच बैठकीत शोधा. एखादी अनुभवी आजी पटकन सुचवते. एखादी आई खचलेली दिसली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या.

मूल हडकुळं वाटलं, बोलत नसलं, तर निदान तुम्ही करू नका आणि चारचौघांत बोलू नका. सेविका ताईंकडे दंडघेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, आणि पुढे कुठे न्यायचं हे त्यांना माहीत असतं. दवाखान्यात सोबत लागली तर जा. मुलाला मारहाण होते अशी शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

जूनच्या आधी

पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी ताईंकडून जानेवारीतच घ्या आणि कुणाचा जन्मदाखला नाही ते पाहा. बाळंतपण गावी झालेलं असतं, दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयात अडकलेला असतो आणि एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. अर्ज भरून देणं, फोन करणं हे तुम्ही घरबसल्या करू शकता. तोवर दाखला आला नाही तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं. त्याची प्रत आईच्या हातात द्या आणि प्रवेशाच्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत जा.