आपल्या एअर रायफलला कोणते छर्रे मानवतात, ते कसे ठरवावे

२०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकर स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं आणि सांगली-मिरजेत पोराला रायफल घेऊन देणारे पालक वाढले. त्याचं पदक ५० मीटरचं. आपल्याकडची पोरं सुरुवात १० मीटर एअर रायफलवर करतात. या पालकांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ‘भारीतला डबा घ्या.’ भारी डबा येतो, आणि पोराच्या रायफलला तो मानवतच नाही.

परदेशी व्हिडिओ बघून घरी काडतुसं भरायची हौस असेल तर ती सोडा, परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे. शिकारीचंही तेच, १९७२चा वन्यजीव कायदा छर्र्याची बंदूक म्हणून सूट देत नाही. अचूकतेचं वेड असेल तर ते छर्रे निवडण्यात खर्च करा.

आधी हिशेब समजून घ्या. छर्रा ४.५ मिमीचा, दहाचा ठिपका ०.५ मिमीचा. ठिपक्याला कड लागली की दहा. म्हणजे भोकाचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवा, आणि पुढे दशांशाचा प्रत्येक गुण (१०.१, १०.२ असा) पाव मिमीचा. रायफल टेबलावर आवळलेली असतानाच छर्रे ५ मिमीत पसरत असतील, तर दहाची सगळी जागा छर्र्यांनीच खाल्ली. पोराच्या हाताला काय उरलं?

डबे. सपाट तोंडाचे, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे मॅच, म्हणजे स्पर्धेचे, छर्रे घ्या. डब्यावर तोंडाचा व्यास छापलेला असतो, ४.४९, ४.५० किंवा ४.५१, आणि लॉट नंबरही, म्हणजे माल कुठल्या खेपेचा तो. अख्खे डबे विकत घेऊ नका. रेंजवरच्या मंडळींकडून प्रत्येकी पन्नासेक मागून घ्या, आणि कशातले कुठले ते लिहून ठेवा.

निवड. दबलेला स्कर्ट (छर्र्याची मागची पातळ कड) दिसला की छर्रा बाजूला. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, तेही नकोत. सराफाच्या काट्यावर एकेक छर्रा तोलत बसणारे लोक मी पाहिलेत. १० मीटरवर मॅच छर्र्यांसाठी तो वेळ फुकट जातो. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा असेल तर तो मुळात फरकच दाखवत नाही.

नळी. फेल्टने (दाबलेल्या लोकरीने) साफ करा आणि पंधरा-वीस छर्रे नुसते सोडा.

चाचणी. सगळे घसरतात ते इथे, आणि मलाही हीच पायरी सर्वांत जास्त छळून गेली आहे.

तुमची रायफल कोणती, यावर सगळं ठरतं. सिलिंडरमध्ये हवा भरून चालणारी असेल तर ती शिकंजात (टेबलाच्या व्हाइसमध्ये) धरता येते. मात्र पकड बटाच्या (खांद्याकडच्या) लाकडावर किंवा अॅक्शनखाली (छर्रा भरायच्या यंत्रणेखाली), मध्ये जाड फेल्ट घालून. नळी आणि सिलिंडर मोकळे हवेत. नळी आवळली की पुढचे सगळे ग्रुप, म्हणजे सलग पाच छर्र्यांच्या भोकांचे पुंजके, खोटे. टेबलही तपासा. एक हात टेकवला आणि पीप साईटमधून (नेम धरायच्या बारीक भोकातून) दिसणारा निशाण्याचा काळा गोल हलला, तर ते टेबल चहासाठी ठेवा.

स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल असेल तर तिला शिकंजात कधीही आवळू नका. ‘घट्ट धरली की अचूक’ हे सांगणाऱ्याने स्प्रिंगची रायफल नीट वापरलेली नसते. पिस्टन आधी तिला मागे रेटतो, मग पुढे आपटतो, आणि छर्रा अजून नळीतच असतो. ती दोन्हीकडे मोकळी सरकली पाहिजे. पुढचा भाग उघड्या तळहातावर ठेवा, तळहात वाळूच्या पिशवीवर, दर वेळी त्याच जागी. आवळलीत तर ग्रुप फुटतो आणि स्क्रूही ढिले होतात.

आता क्रम. एका प्रकारचे पंचवीस सलग मारून मग दुसरा घेऊ नका. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली सकाळी नऊची रायफल आणि दुपारी बाराची रायफल एक नसते. सिलिंडरचा दाबही उतरत जातो. पहिल्याचे पाच, दुसऱ्याचे पाच, तिसऱ्याचे पाच, मग उलटं फिरून तिसरा, दुसरा, पहिला. प्रकार बदलला की आधी पाच-सहा छर्रे वाया घालवा. नळीत मागच्याचं शिसं असतं. प्रत्येक ग्रुपला नवा कागद. प्रत्येक प्रकाराचे निदान पाच ग्रुप झाल्याशिवाय मत बनवू नका. एक सुंदर ग्रुप कुठलाही छर्रा देतो.

बाहेर गेलेला छर्रा मोजायचाच. ‘तो माझ्याकडून गेला’ हे हातात धरून मारताना ठीक आहे, शिकंजात चालत नाही.

मोजणी. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने (सरकत्या मोजपट्टीने) घ्या. कुपवाड एमआयडीसीत कुणाकडेही मिळेल. त्यातून ४.५ वजा करा. ७.५ भरलं तर खरा पसारा ३ मिमी. सर्वांत छोटा ग्रुप कुणाचा हे बघू नका, सर्वांत वाईट ग्रुप कुणाचा लहान आहे ते बघा. सामन्यात साठ छर्रे मारायचे असतात.

खरेदी. ठरलेला व्यास आणि तोच लॉट नंबर वर्षभर पुरेल इतका एकदम घ्या. लॉट बदलला की ब्रँड तोच असला तरी चाचणी पुन्हा. झिरो करणं (नेम आणि भोक एका जागी आणणं) त्यानंतर, आणि शिशाचे हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.